मस्कतचा वकील

दारसैतला, बॅडमिंटन कोर्टाच्या मागच्या तळघरात
शुक्रवारी चार वाजता पुकारा झाला: एकोणीस.
म्हणजे मी.
समोर टेबल, टेबलावर खारे शेंगदाणे,
शेंगदाण्यांमागे गद्रेबाई,
पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या
आणि अजूनही उत्तर ऐकण्याआधी खोडरबर शोधणाऱ्या.

"भूमिका?"
"किल्लेदार."
माझ्याआधीचे अकरा जण किल्लेदारच म्हणाले होते.
भिंतीवर तलवारींची फक्त पावती चिकटवलेली.
लाकडी, अठरा नग, कस्टमनं अडवून ठेवल्यात;
साहेब विचारतोय, युद्ध कुणाशी आहे?

अन्वर मुकादमांनी पेटीवर सूर दिला. मी गायलो.
मला सवय आहे उणे अठरात गायची.
मत्रहच्या बंदरावर कोल्ड स्टोअर, मी तिथला कॉम्प्रेसरवाला,
बाहेर शेहेचाळीस, आत सुरमईच्या थप्प्या,
तिथे तान घेतली की ती दिसते,
पांढरी, तोंडापुढे, क्षणभर.
चुकली तरी दिसते. मासे काही बोलत नाहीत.
इथे ती दिसेना. धरू कशाला?
अंतऱ्यात घसरलो. मुकादम पेटी घेऊन मागोमाग धावले,
भला माणूस, पण मला गाठणं जमलं नाही त्यांना.

मग उतारा:
"हा दरवाजा माझ्या हातानं उघडणार नाही.
ज्या मातीचं मीठ…"
इथवर आलो आणि आठवलं,
मी घराचं दार लावलं त्याला बावीस वर्षं झाली,
कुलूप दोनदा ओढून पाहिलं होतं.
पुढचं वाक्य पाठ होतं. आलं नाही.

तेवढ्यात वरून एक ओमानी म्हातारा ओरडत उतरला,
रॅम्पवर कुणाची तरी करडी निसान आडवी.
मी वळून त्याला सलाम केला, घरची खुशाली विचारली,
मुलाची, उंटांची, गुडघ्यांची,
गाडी हलेल म्हणालो, तो निवला, गेला.
परत वळलो तर गद्रेबाईंनी पेन्सिल उचललेली.

"तिसऱ्या अंकात मस्कतचा वकील येतो.
तह घेऊन. तीन वाक्यं. गाणं नाही."

किल्लेदार उपासनी झाले, बँकेतले.
आवाज असा, की कर्ज नाकारलं तरी माणूस आभार मानून उठतो.

गावी, गुहागरकडे, मला मस्कतवालाच म्हणतात.
मस्कतवाला आला, शहाळी काढा.
इथल्या कार्डावर मी हिंदी.
आता कमरेला खंजीर मिळणार, पुठ्ठ्याचा.

रात्री फाटकावरच्या नासिरला सांगितलं.
"वकील?" तो हसला. "शब्द तर आमचा आहे."
आमचाही, म्हटलं, कोर्टात जाऊन बघ.
माझा ऐन त्याला काही पसंत पडेना.
खालून काढ, म्हणे, खोकल्याच्या अलीकडून.
सातदा काढला. आठव्यांदा त्यानं चहा पुढे केला,
मग खुर्ची सारून उठला, टोपी नीट केली,
विजेरी छातीशी धरली:
आता किल्लेदार मी. तू बाहेर हो.

मी फाटकाबाहेर गेलो.
धक्क्याला एक गलबत उगाच दोर ओढत होतं.
"कोण आहे?"
बावीस वर्षं याच फाटकातून शिरतोय,
हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.
मी पहिलं वाक्य म्हटलं, त्याच्या भाषेत,
घसा खरवडत:
मस्कतहून आलोय.

नासिर ऐकून घेतो, मान हलवतो,
आणि दार काही उघडत नाही.
ठीक आहे.
अजून दोन वाक्यं आहेत माझ्याकडे.